साठ टक्के चेहरा

"चेहरा निळ्या चौकटीत आणा," लॅपटॉपमधल्या बाई म्हणाल्या.

"आणलाय," मी म्हणालो.

"वाकचौरे, हा चेहरा तुमचा नाही."

तेहेतिसाव्या वर्षी असं वाक्य एखाद्या प्रवचनात ऐकलं तर माणूस मान डोलावतो. परीक्षेला बसल्यावर ऐकलं तर घाम फुटतो. पडद्याच्या डाव्या बाजूला माझा प्रवेशअर्जावरचा फोटो होता, उजव्या बाजूला मी. कपाळापासून गळ्यापर्यंत हळद, डोक्याला मुंडावळ्या, हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. खाली लाल अक्षरांत आलं होतं : साम्य ३४ टक्के.

"साठ टक्के लागतात," बाई म्हणाल्या. त्या विद्यापीठाच्या निरीक्षक होत्या. कुठे बसल्या होत्या देव जाणे. दिसत होता तो फक्त चष्मा आणि मागची पांढरी भिंत. "अकरा पंधरापर्यंत ओळख पटली नाही तर यंत्रणा आपोआप बंद होते. आत्ता अकरा वाजून दोन मिनिटं झालीयेत."

"मॅडम, आज माझी हळद आहे."

"चेहरा झाकणाऱ्या वस्तूंची यादी आहे आमच्याकडे. गॉगल, मास्क, टोपी, ओढणी."

"त्यात हळद आहे का?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "नाही."

"मग?"

"मग ते यंत्रणेला समजावून सांगा. माझ्या हातात काही नाही. आणि तुमच्या हातात हत्यार आहे, ते बाजूला ठेवा. खोलीत आणखी दोन माणसं दिसतायत. त्यांनाही बाहेर जाऊ द्या."

ती दोन माणसं म्हणजे माझी कमळाआत्या आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बबनदाजी. आत्यानं पदर खोचला.

"बाहेर जायचं? हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं टाकून? कोण आहे रे ही?"

"आत्या, परीक्षेच्या बाई आहेत."

"मग त्यांना सांग, हळदीच्या अंगाला वारा-वास लागतो. लोखंड हातातून सोडायचं नाही, पाणी लावायचं नाही, एकटं बसायचं नाही. ही पण परीक्षाच आहे."

हा प्रसंग आला कुठून, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. फार नाही, पत्रिका छापण्यापर्यंत.

मी तेव्हा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात सहायक होतो. बारावीनंतर दोन वर्षं कॉलेज केलं आणि वडील गेल्यावर सोडलं. मग बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयशास्त्राची दोन वर्षांची पदविका ऑनलाइन सुरू केली. दिवसभर वाचनालयात पुस्तकं लावायची आणि घरी येऊन ती कशी लावावीत याची व्याख्यानं बघायची. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मला पहिलं वर्षभर जाणवलं नाही. तीन सत्रं निघाली. चौथ्यातला एक पेपर राहिला, वर्गीकरणाचा.

त्याच सुमारास शैलजा औटीचं स्थळ आलं. एम.एस्सी., ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पोह्यांच्या बशा उचलल्यावर आम्हाला गच्चीवर दहा मिनिटं बोलायला सोडलं. तिनं नऊ मिनिटं वाचनालयाबद्दल विचारलं आणि दहाव्या मिनिटाला म्हणाली, "माझा एक साखरपुडा मोडलाय. मुलगा इंजिनियर आहे म्हणून सांगितलं होतं, तो निघाला नाही. इंजिनियर नव्हता याचं मला काही नव्हतं. बाकी काहीही चालेल, खोटं नको."

"माझी पदविका चालू आहे. शेवटचा पेपर राहिलाय," मी म्हणालो. तेव्हा मी पूर्ण खरा माणूस होतो.

घोळ केला तो छापखान्यानं. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे कंसात शिक्षण घालायची पद्धत आहे. तिच्या नावापुढे (एम.एस्सी.) आलं. माझ्या नावापुढे मोकळी जागा आली. छापखानेवाले झुंबरशेठ नमुना लांब धरून म्हणाले, "पत्रिका एका बाजूला कलल्यासारखी दिसतीय बघा. काहीतरी वजन टाका इकडं." पेपर लग्नाच्या तीन आठवडे आधी होता. मी म्हणालो, "टाका, ग्रंथालयशास्त्र पदविका. तोवर होऊन जाईल." पत्रिका छापल्या. पहिली पत्रिका आत्या गावच्या खंडोबापुढे ठेवून आली, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं पेपर पुढे ढकलला.

त्याच संध्याकाळी शैलजाचा फोन आला. "पेपर झाला का हो?"

माझ्यासमोर पत्रिकांचे चार गठ्ठे होते. मी म्हणालो, "हो. झालं सगळं."

मी याला खोटं म्हणत नव्हतो. मी थोडं लवकर बोललो होतो, इतकंच.

पेपर आणखी एकदा पुढे गेला आणि शेवटी येऊन बसला हळदीच्या दिवशी, शनिवारी अकरा ते एक. त्यातही माझी हरकत नव्हती, कारण हळद दुपारी चारची होती. पण गुरुजींनी ऐन वेळी पंचांग उघडून ती सकाळी नऊवर आणली. विद्यापीठ आणि पंचांग या दोन्ही ठिकाणी अर्ज करून काही होत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

म्हणून मी कार्यालयाच्या कोठीघरात, तांदळाच्या पोत्यांमध्ये, एका उलट्या पातेल्यावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो. दोन्हीकडची हळद त्याच कार्यालयात होती. पलीकडच्या खोलीत शैलजाला तेल लावून बसवलं होतं. माझी उष्टी हळद तिकडे गेली की तिची हळद सुरू व्हायची. उष्ट्या हळदीची वाटी कमळाआत्याच्या हातात होती आणि कमळाआत्या माझ्याबरोबर कोठीघरात अडकली होती.

"चेहरा धुऊन या," बाई म्हणाल्या.

"पाणी लावायचं नाही म्हटलं ना!" आत्या म्हणाली.

"मग कोरड्या कापडानं पुसा."

आत्यानं वाटी छातीशी धरली. "पुसायची? अगं बाई, कुंकू पुसत नाहीत तशी हळद पुसत नाहीत. उद्या अक्षता पडायच्यात याच्यावर. तुझं लग्न झालंय का?"

चष्मा जरा हलला. "झालंय."

"मग तुला कळायला पाहिजे."

"कळतंय हो," बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच छापील नव्हता. "पण मला कळून यंत्राला कळत नाही."

एवढं बोलून त्या तोंड अर्धं उघडं ठेवून थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या नाही, माझं नेट थांबलंय. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"दाजी, कुणाचा फोन चालतोय का बघा. नेट पाहिजे. आणि कुणाला काही सांगू नका."

"आपण कशाला सांगतोय?" असं म्हणून बबनदाजी गेले. दाजींचं शेतीच्या औजारांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला ते स्वतःहून सांगतात की हा पंप दोन वर्षांत जळेल, म्हणून ते दुकान अजून लहानच आहे. हे मला ते गेल्यावर आठवलं.

तीन मिनिटांनी ते परत आले. हातात गुलाबी कव्हरचा फोन होता.

"ह्याच्यावर फुल रेंज हाय. सगळ्या कार्यालयात ह्योच एक चालतोय."

"कुणाचा आहे?"

"नवरीचा."

"तिला काय सांगितलं?"

"काही नाही. तिनं विचारलं, कशाला पाहिजे. म्हटलं, पेपरला. तिनं विचारलं, कसला पेपर. म्हटलं, ते पत्रिकेत छापलंय ना, त्याचा."

"आणि मग?"

"मग काही नाही," दाजी म्हणाले. "ती दाराबाहेर उभी हाय."

आत्यानं विजेच्या वेगानं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, एक टोक दाजींच्या हातात कोंबलं, दुसरं स्वतः धरलं आणि माझ्या उजव्या हाताला आडवं ताणलं. "अंतरपाटाआधी तोंड बघायचं नाही! जावईबापू, वर धरा!"

त्या अंतरपाटाच्या पलीकडे बांगड्या वाजल्या. अलीकडे मी गुलाबी फोनचं नेट जोडलं आणि पडद्यावर निरीक्षक बाई पुन्हा हलायला लागल्या.

"आता चार व्यक्ती दिसतायत," त्या म्हणाल्या. "आणि एक पडदा."

"मॅडम, दोन मिनिटं," उपरण्यापलीकडून शैलजा म्हणाली. वर्गात गोंधळ चालू असताना वापरतात तो आवाज. निरीक्षक बाई गप्प झाल्या. मग ती मला म्हणाली, "पेपर झाला म्हणालात."

"थोडं लवकर म्हणालो."

"लवकर म्हटलं की त्याला काय म्हणतात?"

"अंदाज," मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली. पंप जळणार असं गिऱ्हाइकाला सांगताना ते अशीच हलवतात.

"खोटं," मी म्हणालो.

"का बोललात?"

"पत्रिका छापून झाली होती."

"परत छापता आली असती."

"पहिली देवापुढे ठेवलीय," आत्या मध्येच म्हणाली. "देवापुढची पत्रिका बदलत नाहीत."

"आत्या, देवापुढे खोटं ठेवलेलं चालतं का?"

आत्यानं उपरणं फक्त बोटभर वर धरलं.

"अकरा वाजून अकरा," निरीक्षक बाई हळूच म्हणाल्या.

मी कट्यार मांडीवर घेतली. पदविका मिळाली नाही तर मी सहायकच राहणार होतो, आणि सहायक राहण्याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. पण पलीकडच्या बांगड्या आत्ता निघून गेल्या तर उद्या कार्यालयात सहाशे माणसं जेवायला येणार होती आणि मला फक्त लिंबू सोबतीला राहणार होतं.

"आणि आज नापास झालात तर?" शैलजानं विचारलं.

"परत बसेन."

"मला काय सांगाल?"

"नापास झालो, असं."

"कधी?"

"लगेच."

"झुंबरशेठनी कंस रिकामा आहे म्हटलं तरी?"

"तरी."

बाहेर मंडपात कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं आणि कुणीच त्याला ओ देत नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "हळद धुवायची नाही. पुसायची नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लावायची असते."

"असते. ही काय वाटी."

"वाटीतलीच हवी असं कुठे आहे का?"

आत्यानं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांनी बहुतेक सगळ्या पिढ्यांतल्या सगळ्या आत्यांना विचारून घेतलं. "तसं कुठे नाही," ती म्हणाली.

"मग चेहरा पुढे करा," शैलजा म्हणाली.

उपरण्याच्या वरून दोन हात आले. हिरवा चुडा, कोपरापर्यंत मेंदी, आणि तळवे तेलानं चकचकीत. आंधळ्यासारखे चाचपडत ते आधी लॅपटॉपला लागले, मग माझ्या कानाला.

"हे काय आहे?"

"कान."

"कान लागत नाही ना मॅडम?"

"कान चालेल तसा," निरीक्षक बाई म्हणाल्या. "कपाळ, नाक, गाल महत्त्वाचे."

"तेलानं निघते का पण?" दाजींनी शंका काढली.

"हळद पाण्याला भीत नाही दाजी, तेलाला भिते. अकरावीला दर वर्षी शिकवते मी," पलीकडून उत्तर आलं.

तिचा तळवा माझ्या कपाळावरून एकदा फिरला आणि परत गेला. पलीकडे ती तीच हळद स्वतःच्या गालाला लावत असणार, कारण आत्या उपरण्याच्या कडेवरून डोकावून म्हणाली, "डावीकडं पण लाव. हां. असं." मग हात पुन्हा आला. गाल. पुन्हा गेला. जन्मात माझा चेहरा कुणी इतका लक्ष देऊन, न बघता वाचला नव्हता.

"पन्नास," निरीक्षक बाई म्हणाल्या. "चोपन्न. अकरा तेरा झाले."

"हनुवटी?"

"नाक घ्या, नाक!"

"नाक कुठंय?"

"थोडं खाली," दाजी म्हणाले. "तिथं तोंड. वर. हां, ते."

"एकोणसाठ," बाई म्हणाल्या. आता त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. चष्म्याऐवजी साडीची निरी दिसत होती. "वाकचौरे, हलू नका! ताई, नाकाची उजवी बाजू. तुमच्याकडून डावी. अजून... अजून..."

खट्ट असा आवाज झाला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं : साम्य ६१ टक्के. ओळख पटली.

बांगड्या लगेच मागे गेल्या. "माझा फोन परीक्षा संपेपर्यंत राहू द्या," शैलजा म्हणाली. "आणि दीड जीबीच आहे. विचार करायला जास्त वेळ घेऊ नका."

पावलं लांब गेली. आत्या भरलेली वाटी रिकामी असल्यासारखी घेऊन तिच्यामागे धावली.

"आता खोलीत फक्त परीक्षार्थी," बाई पुन्हा छापील आवाजात म्हणाल्या.

दारातून आत्याचं डोकं परत आत आलं. "एकटं नाही!"

यावर तोडगा दाजींनी काढला. उपरण्याचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं दाराच्या फटीतून बाहेर नेलं आणि ते स्वतः बाहेर खुर्ची टाकून ते टोक हातात धरून बसले. नियमाप्रमाणे मी एकटा होतो आणि रीतीप्रमाणे नव्हतो. कट्यार कमरेला खोचली. बाईंनी लिंबाची नोंद 'फळ' अशी केली.

पुढचे पावणेदोन तास मी वर्गीकरण केलं. दाजी बाहेर कुणाला रामराम करायचे तेव्हा हात वर जायचा आणि मी दाराकडे झुकायचो.

"तुम्ही वारंवार उजवीकडे झुकताय," बाई म्हणाल्या.

"झुकत नाही. ओढला जातोय."

"नोंद करते."

अकराव्या प्रश्नात दहा पुस्तकं दिली होती, त्यांना दशांश पद्धतीचे क्रमांक द्यायचे होते. सातवं पुस्तक होतं 'ग्रामीण विवाहविधी : एक पाहणी'. मी ३९२.५ लिहिलं. हा क्रमांक दोन वर्षं मला पाठ होत नव्हता. त्या दिवशी तो हातातून आपोआप उतरला.

एक वाजता पडदा पांढरा झाला. त्याआधी बाई म्हणाल्या, "परीक्षा संपली. आपल्याला शुभेच्छा." चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "म्हणजे, दोन्हीच्या." मग त्यांचा चष्मा कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा शैलजानं माझ्याकडे नीट बघितलं आणि हार घालताना पुटपुटली, "नाक मला लहान वाटलं होतं." एवढंच. पेपराबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. सहा आठवड्यांनी निकाल लागला. मी कॉलेजात फोन करून तिला तासावरून बाहेर बोलावलं आणि एका दमात सांगितलं, "पास. त्रेपन्न टक्के. द्वितीय श्रेणी." ती म्हणाली, "तास संपल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हणालो, "लगेच ठरलं होतं."

आज मी त्याच वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. माझ्या खुर्चीमागे पदविकेचं प्रमाणपत्र लावलंय. आमच्या लग्नाच्या फोटोग्राफरचं कार्ड खराब झालं आणि त्यात हळदीचे सगळे फोटो गेले. त्यामुळे माझ्या हळदीचा जगात एकच फोटो शिल्लक आहे, तो त्या प्रमाणपत्रावर. विद्यापीठ प्रवेशअर्जावरचा फोटो छापत नाही, परीक्षेत ओळख पटली त्या क्षणाचा छापतं. साठ टक्के माणूस, चाळीस टक्के हळद, तिरक्या मुंडावळ्या, आणि उजव्या कोपऱ्यातून आत आलेला, नाकापाशी थांबलेला एक मेंदीचा हात. सभासद पुस्तक बदलायला येतात आणि बराच वेळ माझ्या मागेच बघत राहतात.

ते प्रमाणपत्र सुखासुखी मिळालं नव्हतं. निकालानंतर पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं : 'ओळख पडताळणीच्या छायाचित्रात परीक्षार्थीव्यतिरिक्त अन्य व्यक्तीचा हात आढळतो. सदर हात कोणाचा व त्याचे परीक्षार्थीशी नाते काय, याचा संबंधित व्यक्तीने आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मी तीन मसुदे केले. पहिल्यात परंपरा होती, दुसऱ्यात नेटवर्क, तिसऱ्यात दोन्ही. शैलजानं ते वाचले, बाजूला ठेवले, आणि 'संबंधित व्यक्ती मी आहे' म्हणून स्वतः कागद घेतला. पोळी तव्यावर असताना तिनं तो लिहिला, त्यामुळे त्याला एक तेलाचा डाग आहे. त्याची प्रत मी जपून ठेवलीय. क्रमांक अर्थातच ३९२.५.

'महोदय, सदर हात माझा आहे. नात्याबाबत विचारले आहे, त्याचा खुलासा असा की, हात आत घालताना माझे काहीही ठरलेले नव्हते. बाहेर काढताना ठरलेले होते. कळावे.'